चकाचा नारळ

"टांगून बघ," दाजी म्हणाले. "गोणपाटावर आडवा ठिवून ठोकला तर चांगला आन् फुटका सारकाच वाजतोय. जॉ काढ, साखळीला टांग, आन् मग हातोडी मार."

कोल्हापुराबाहेर जुन्या मशिनरीचं एक गोडाऊन होतं. तिथं आम्ही दोघं उकिडवे बसलो होतो आणि आमच्यापुढे दोन चक पडले होते. चक म्हणजे लेथच्या तोंडाला बसणारी जड चकती. जो जॉब, म्हणजे धातूचा तुकडा, कापायचा तो ती घट्ट धरते आणि गरगरा फिरवते. धरायला तिच्या तोंडावर जबडे असतात, त्यांना आम्ही जॉ म्हणतो. दोन्ही चक बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, दोन्ही बारा इंची. एकाला तीन जॉ, दुसऱ्याला चार. तीन जॉचा काळाभोर, नुकताच तेल आणि ग्राफाइट चोळून उजळलेला. चार जॉच्या अंगावर गंजाचे डाग होते आणि तोंडावर कधीतरी टूल घुसल्याचे ओरखडे होते.

मला तीन जॉचा पाहताक्षणी आवडला. एखादी वस्तू आवडली की तिच्यातलं वाईट मला दिसेनासं होतं, हा माझा जुना रोग आहे.

"दाजी, ह्याची चावी एकदा फिरवली की तिन्ही जॉ एकदम सरकतात," मी म्हणालो. आयटीआय केल्यापासून मी कामाचं बोलताना मुद्दाम शुद्ध बोलायचो. "जॉब आपोआप मधोमध बसतो. तुमच्या चार जॉमध्ये एकेक जॉ वेगळा आवळायचा, पुन्हा मधोमध आला का ते डायल लावून बघायचं. पंपांच्या एवढ्या पुली कधी व्हायच्या?"

"पुलीचं कास्टिंग काय गोल आसतंय व्हय? वाकडंतिकडंच येतंय. चार जॉ त्येला जसं हाय तसं धरत्यात." दाजींनी गंजक्या चकावरून हात फिरवला. "आन् ह्यो बघ, ह्येचं समदं वंगाळ वर दिसतंय. त्येचं मला कायबी दिसंना. म्हणून म्हनतो, टांग."

गोडाऊनवाले खोत बाजूला उभे होते. "टांगा की," ते म्हणाले. "माझी ना न्हाय. मी त्यो एका बंद पडलेल्या कारखान्यातनं उचललाय, त्येच्या पोटात काय हाय मलाबी ठावं न्हाय. फकस्त टांगायची चेनपुली तिकडं ट्रकला गुतलीया. तासभर दम काढा."

तासभर. त्या तासाचं मी काय करणार होतो, ते आज विचाराल तर सांगता येत नाही. मी हातोडी उचलली, तीन जॉच्या चकावर दोन टिचक्या मारल्या, कान दिल्यासारखं केलं आणि म्हणालो, "खणखणीत आहे. हाच घ्यायचा."

दाजी माझ्याकडे बघत राहिले. मग उठले आणि चकाची एक बाजू धरली. "चल. तू निवडणार, मी चालवणार. ठरलंय तसं ठरलंय."

ठरवलं होतं आमच्या मालकांनी. त्यांना सगळे बापू म्हणायचे. उद्यमनगरातल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये सहा लेथ होते आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या लेथचा चक झिजून झिजून कामातून गेला होता. पंपांच्या पुलींचं मोठं काम हातात आलं होतं. एके दिवशी बापूंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्या बारीला चक सर्जेराव निवडंल. शिकलेला गडी हाय. बघूया नजर कशी हाय ती. नजर बरी निघाली तर दसऱ्यापासनं त्योच फोरमन."

सर्जेराव म्हणजे मी, तेव्हा चोवीस वर्षांचा. हिंदुराव म्हणजे माझे दाजी, माझ्या शालनआक्काचे यजमान. ते तो मोठा लेथ अठरा वर्षं चालवत होते, आणि फोरमनकी कुणाला मिळावी असं कुणाही शहाण्या माणसाला विचारलं असतं तर त्याने त्यांचंच नाव घेतलं असतं. पण दाजी चौथीपर्यंत शिकलेले होते आणि ड्रॉइंग वाचायला त्यांना मी लागायचो. बापूंचं ऐकून ते मनापासून हसले होते. आईबाप गेल्यामुळे लग्न होऊन सासरी येताना आक्काने मला सोबत आणलं होतं. दाजींनी मला वाढवलं, आयटीआयला घातलं आणि बापूंच्या वर्कशॉपात चिकटवलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला लेथपुढे उभं केलं आणि दंडाला धरून चार पावलं बाजूला ओढलं होतं. "चक पयल्यांदा फिरतोय तवा समोर हुबं ऱ्हायचं न्हाय. बगलंला. कवाबी. त्यो सुटला तर समोरच्याला सोडत न्हाय." त्यांनी गल्लीपलीकडच्या एका वर्कशॉपची गोष्ट सांगितली होती. फुटक्या चकाचा तुकडा तिथं पत्र्याचं छप्पर फाडून गेला होता. छपराच्या आधी तो कशातून गेला ते दाजींनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीन चालत नाही. सकाळपासून झाडलोट, धुणं, पुसणं. मी नवा चक रॉकेलने पुसून लख्ख केला, दाजींनी आणि मी मिळून तो लेथला चढवला. सगळ्या मशिनांना झेंडूच्या माळा घातल्या. बापूंच्या वर्कशॉपात एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. वर्षात जे नवं हत्यार आलं असेल, त्याचा नारळ त्याच हत्यारावर फोडायचा. आणि फोडायचा कुणी, तर ज्याने ते निवडलं त्याने.

"या, फोरमन," बापू म्हणाले. सगळे हसले. मला गुदगुल्या झाल्या.

मी चकाला हळद-कुंकू वाहिलं. जरा जास्तच वाहिलं असेन, हौसेला मोल नव्हतं. मग नारळ दोन्ही हातांनी उचलला आणि चकाच्या कडेवर हाणला.

नारळ फुटला. टाळ्या झाल्या. पण बिडावर घाव बसला की जो खण्ण आवाज उठतो आणि जरा वेळ हवेत राहतो, तो उठलाच नाही. भद्द वाजलं आणि मागून बारीक किर्र झालं, दोन दात एकमेकांवर घासावेत तसं. टाळ्यांत तो आवाज कुणाला ऐकू गेला नसावा, असं मी स्वतःला सांगितलं.

नारळाचं पाणी चकावरून ओघळलं आणि त्याच्याबरोबर कुंकू. सगळं पाणी खाली गेलं. पण चावीच्या भोकापासून कडेपर्यंत एका जागी ते खाली गेलं नाही, आत गेलं. बघता बघता तिथे केसाएवढी लाल रेघ उमटली. सरळ नव्हती. जरा वळसा घेऊन कडेला जाऊन टेकली होती.

मी ओळखलं. न ओळखायला मी काही आंधळा नव्हतो. चक आतून चिरलेला होता. असा चक सावकाश फिरला तर दोन वर्षंही टिकेल, आणि जोरात फिरला तर पहिल्याच दिवशी फुटेल.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण सगळे प्रसादाला हात पुढे करून उभे होते, बापू हसत होते, आणि नव्या हत्याराच्या पूजेत तोंडातून अभद्र शब्द काढणाऱ्याला आमच्याकडे वर्षभर कुणी सोडत नाही. मनात म्हटलं, आज नको, उद्या सांगू. आणि खरं सांगायचं तर, चक फुटका म्हटल्यावर फोरमनकी फुटली हे मला आधी कळलं होतं. मी खिशातली चिंधी काढली आणि रेघ पुसली.

"काय पुसलंस?" दाजी माझ्या मागेच उभे होते.

"काही नाही. कुंकू सांडलं होतं."

"कुंकू पुसत न्हाईत, सर्जा," ते हळू आवाजात म्हणाले. "आजच्या दिशी तर न्हाईच न्हाई."

त्यांनी माझ्या हातातली चिंधी घेतली, घडी घातली आणि खिशात ठेवली. मग ते खोबरं वाटायला गेले.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी मी सोनं द्यायला आक्काकडे गेलो. लग्नाआधी जरा वेगळं राहावं म्हणून मी दोन गल्ल्या सोडून खोली घेतली होती, पण जेवायला त्यांच्याकडेच असायचो. आक्काने ओवाळलं. तिच्या कपाळावरचं कुंकू रुपयाएवढं होतं, नेहमीसारखंच. त्या दिवशी मला तिकडे बघवलं नाही.

"नवा चक घातलाय म्हनं ह्येंच्या मशीनला," ती म्हणाली. "ह्ये म्हनत्यात सर्जानं निवडलाय. मग मला काय घोर न्हाय बाबा."

मी आपट्याची पानं हातात चुरगळत बसलो. दाजी पाटावर बसून तंबाखू मळत होते.

"सर्जा," ते म्हणाले, "उद्या पयला जॉब घ्यायचा. काय सांगायचं ऱ्हायलंय का तुझं?"

"काही नाही."

"बघ आठवून."

"नाही म्हटलं की."

"आता काय परीक्षा घेताय व्हय त्येची?" आक्का हसली. "सणासुदीचं पोराला जेवू द्या सुखानं."

मी बासुंदीच्या तीन वाट्या खाल्ल्या. आक्का आग्रह करत होती आणि तोंडात घास असला की बोलावं लागत नाही.

रात्री मी ठरवलं, सकाळी लवकर जायचं, दाजींना एकट्याला गाठायचं आणि सांगायचं. बापूंना काय सांगायचं ते दोघं मिळून ठरवू. एवढं ठरल्यावर मला झोपही लागली.

सकाळी कुणी येण्याआधी अर्धा तास मी वर्कशॉपात पोचलो. दाजी माझ्याआधी आले होते. वर ट्यूब जळत होती, झेंडूच्या माळा सुकून मशिनांवर लोंबत होत्या. मोठ्या लेथच्या चकात त्यांनी पुलीचं कास्टिंग धरलं होतं. माझ्या तोंडावर वाक्य आलं होतं. पण ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आलास? बरं झालं. बापू आत्ता येत्यालच. म्हनत हुते, फोरमनची खुर्ची कुठं टाकायची ते बघायचं हाय."

आणि माझं वाक्य गिळलं गेलं. एवढंच लागलं. एक खुर्ची.

"चक परत एकदा बघून घे," दाजी म्हणाले.

मी वाकून बघितलं. रेघ दिसत नव्हती. मीच तर पुसली होती. "बघितला. बरा आहे."

"बरा हाय?"

"हो."

"मग चालू कर. तुजी निवड, पयलं बटन तुज्याच हातचं."

मी पॅनेलपाशी गेलो. गिअरच्या दांड्याकडे लक्ष गेलं. दांडा सगळ्यात वरच्या स्पीडला होता. पुली एवढ्या स्पीडला कुणीच कापत नाही. मी वळून बघितलं तर दाजी चकासमोर उभे होते. बगलेला नाही. बरोबर समोर, हातभर अंतरावर, हाताची घडी घालून.

"दाजी, समोर कशाला? इकडे या."

"कशापायी?"

"पहिल्यांदा फिरतोय."

"चक चांगला हाय न्हवं?"

"हो, पण..."

"पण काय?"

बाहेर कुणाच्यातरी सायकलची घंटी वाजली आणि लांब गेली. ते माझ्याकडे बघत होते, रागाने नाही. कास्टिंग वाकडं आलंय का हे बघताना ते जसे बघायचे, तसे बघत होते.

"पण काय, सर्जा?"

तुम्हाला वाटेल, अशा वेळी माणूस काय काय विचार करत असेल. मी एवढाच केला: फुटलाच पाहिजे असं कुठे आहे? असे चक वर्षानुवर्षं फिरतात. सुरू करायचा आणि लगेच बंद करायचा, दोन सेकंदांचा प्रश्न. मग स्पीड कमी करू. मग कधीतरी हळूच दुसरा चक आणू.

"काही नाही," मी म्हणालो, आणि हिरवं बटण दाबलं.

मशीन हललं नाही.

वर ट्यूब जळत होती, म्हणजे लाईट होती. माझ्या छातीवरचा दगड उतरला. हे मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला जेवढं हलकं वाटलं तेवढं पुन्हा आयुष्यात कधी वाटलं नाही. देवानेच हात धरला होता. आता वळायचं आणि सांगायचं, एवढंच राहिलं होतं.

आणि मी काय केलं? बटण अडकलं असेल म्हणून अंगठ्याने जोर देऊन पुन्हा दाबलं.

तरीही मशीन हललं नाही.

दाजींनी घडी सोडली. शर्टाच्या खिशात हात घातला आणि पांढऱ्या चिनी मातीचा फ्यूज काढून माझ्यापुढे धरला. ह्याच लेथच्या मेन स्विचमधला. त्याच हातात ती घडी घातलेली चिंधी होती, मधोमध कुंकवाचा डाग.

"नारळाचा आवाज मलाबी ऐकू आला हुता," ते म्हणाले. "अठरा वर्सं कान हितंच हाईत माजे. म्हटलं, त्यो सांगंल. दसऱ्याला म्हटलं, आता सांगंल."

मी बटणावरचा अंगठा काढला.

"पयल्यांदा दाबलंस. म्हटलं, घाबरलंय पोरगं, गेला आसंल हात." त्यांचा आवाज तिथे बदलला. "दुसऱ्यांदा कशापायी दाबलंस रं?"

मी त्यांच्या पायावर पडलो की नाही ते मला आठवत नाही. पडलो असेन. आठवतं ते एवढंच की त्यांनी मला उठवलं नाही. ते कामाला लागले होते.

आम्ही दोघांनी चक उतरवला, जॉ काढले, साखळीला टांगला. दाजींनी हातोडी माझ्या हातात दिली. मी मारली. भद्द. मग त्यांनी चक जमिनीवर घेतला, घण उचलला आणि एकच घाव घातला. चकाचे दोन तुकडे झाले. चिरेच्या तोंडावर दोन बोटं आतपर्यंत कुंकू मुरलेलं होतं.

तेवढ्यात बापू आले. दारातच थबकले. "ह्ये काय?"

"माज्या हातनं पडला, बापू," दाजी म्हणाले. "चढवताना निसटला. सर्जाची निवड बरी हुती."

ते ऐकून मला जे वाटलं त्यापेक्षा चक फुटून मला लागला असता तर बरं झालं असतं. तोंड उघडायची ती चौथी वेळ होती, आणि मी चौथ्या वेळीही गप्प बसलो.

दुपारी दाजी एकटेच जाऊन तो गंजका चार जॉचा चक घेऊन आले. तासभर थांबून, टांगून, ठोकून. बापूंकडे तो पुढे बावीस वर्षं चालला. मी फोरमन झालो. दिवाळीनंतर दाजींनी बापूंचं काम सोडलं आणि गोकुळ शिरगावला दुसरीकडे लागले. आक्काला सांगितलं, तिकडच्या शेडात सावली बरी आहे.

आक्काला आजवर काही माहीत नाही. त्या दिवसापासून दाजी माझ्याशी कधी वाकडं वागले नाहीत. माझ्या लग्नात राबले, माझ्या पोरांना खांद्यावर खेळवलं. फक्त मी मागे उभा असलो की ते जरा वळून उभे राहायचे. इतकं थोडं की माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसेल.

गेल्या दसऱ्याला मी सोनं घेऊन त्यांच्याकडे गेलो. दाजी आता काठी घेऊन चालतात. टाकीत पाणी नव्हतं, आक्का स्वयंपाकघरातून ओरडली, "सर्जा, मोटरचं बटन दाब रं जरा."

मी परसात जाऊन बटण दाबलं. मोटर चालू झाली नाही.

"आरं, परत दाब की! पयल्यांदा घेतच न्हाय ती."

माझा हात तिथेच राहिला. बोट बटणापासून वीतभर लांब, आणि ती वीत काही केल्या ओलांडता येईना. तीस वर्षांपूर्वीचा घाम अंगाला सुटला.

मागून काठीचा आवाज आला. दाजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे.

"ऱ्हाऊ दे, शालन," ते आतल्या बाजूला म्हणाले. "त्यो दुसऱ्यांदा दाबत न्हाय."

आणि माझ्याकडे पाठ करून त्यांनी स्वतः बटण दाबलं.